हुतात्मा चौकातील जोडमूर्ती

भंडारा रोड स्थानकावर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसावे, रात्र गाडीत काढावी आणि सकाळी मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे, हा आपल्याकडील मंडळींचा नेहमीचा परिपाठ. कोणी मंत्रालयातील कामासाठी जातो, कोणी मुलाच्या परीक्षेसाठी, कोणी टाटा रुग्णालयात. स्थानकाबाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ दक्षिणेस चालू लागले, की थोड्याच वेळात एक मोठा चौक लागतो. जुने मुंबईकर त्याला अजून फ्लोरा फाउंटन म्हणतात. त्याचे आजचे नाव हुतात्मा चौक. तेथे एक जुने दगडी कारंजे आहे, आणि त्याच्या जवळच उंच मशाल धरलेल्या दोन पुरुषांची जोडमूर्ती आहे. त्यांतील एक शेतकरी, दुसरा कामगार. आपल्यापैकी पुष्कळ भगिनी या मूर्तींजवळून गेल्या असतील. पण मुंबईत पाऊल ठेवले की घाई अंगात शिरते, तेव्हा थांबून पाहिलेले फार थोड्यांनी. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्या स्मारकाविषयी लिहावे असे मनात आले, याचे कारण असे, की ज्या राज्यात आपण नांदतो त्या राज्याचे ते स्मारक आहे. आणि तरीही त्यात आपण कोठे आहोत, हे मात्र शोधावे लागते.

आधी कारंज्याविषयी सांगते. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी होती तेव्हा त्या जागी किल्ल्याचा एक दरवाजा होता. आत सेंट थॉमसचे देऊळ, म्हणून तो ‘चर्च गेट’. दरवाजा गेला, तट गेले, पण नाव मात्र आजही रेल्वे स्थानकाच्या रूपाने टिकून आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या काळात तट पाडले गेले आणि १८६४ साली येथे हे कारंजे उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा, मूर्तिकाम जेम्स फोर्सिथचे, आणि दगड थेट इंग्लंडातून आणलेला पोर्टलंड दगड. शिखरावर उभी आहे ती रोमन लोकांची फुलांची देवी फ्लोरा. मध्यंतरी अनेक वर्षे या कारंज्यावर रंगाचे थरावर थर चढविलेले होते. ते काढून मूळ दगड उघडा करण्याचे काम झाले आणि २०१९ च्या जानेवारीत कारंजे पुन्हा लोकांसाठी खुले झाले. देवळातल्या शेंदराची पुटे काढल्यावर आतली मूर्ती दिसावी, तसाच हा प्रकार.

आता मूळ विषयाकडे वळू. डिसेंबर १९५३ मध्ये भारत सरकारने राज्यपुनर्रचनेसाठी न्यायमूर्ती फाजल अली, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा आयोग नेमला. ऑक्टोबर १९५५ मध्ये त्याचा अहवाल लोकांपुढे आला. गुजराती आणि मराठी मुलूख मिळून मुंबईचे एक द्विभाषिक राज्य करावे, मराठवाडा त्यात घालावा आणि आपल्या आठ जिल्ह्यांचे विदर्भ हे वेगळे राज्य करावे, अशी त्याची शिफारस होती. पुढे काँग्रेसच्या श्रेष्ठींनी मुंबई शहराचे वेगळे राज्य करण्याची योजना काढली. ज्या शहरात गिरण्या चालविणारे हात मराठी, ते शहर महाराष्ट्राला नाही, ही गोष्ट मुंबईतील मराठी माणसाला सोसवली नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगारांनी संप केला आणि विधिमंडळाच्या दिशेने मोर्चे निघाले. विधिमंडळ त्या वेळी फाउंटनपासून थोड्याच अंतरावरील जुन्या इमारतीत भरत असे. मोर्चा फाउंटनपाशी अडविला गेला. लाठी झाली, अश्रुधूर झाला आणि अखेर गोळीबार झाला. त्या एका दिवशी पंधरा जण मेले. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील अशी घोषणा झाली, तेव्हा गिरगाव, लालबाग, परळ या भागांत दिवसांमागून दिवस गोळ्या चालल्या. सीमेवर बेळगावातही माणसे पडली. एकूण हुतात्म्यांचा १०५ हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. नंतरच्या गणतीत त्यात आणखी एक-दोन नावांची भर पडली.

त्या वेळी भंडारा कोठे होता? हे नव्या सुनांना आणि मुलींना सांगितले पाहिजे, कारण त्यांना आपण पहिल्यापासून महाराष्ट्रातच होतो असे वाटते. १८५३ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत झाला आणि आपण त्यात गेलो. पुढे तोच मध्यप्रांत व वऱ्हाड. १९५० नंतर त्याचेच मध्यप्रदेश झाले आणि राजधानी नागपूर राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आमच्या एक आत्याबाई सांगत, की माहेरी पत्र टाकताना पाठीमागे पत्ता लिहिण्याची त्यांना सवय होती. गाव तेच, गल्ली तीच, विहीर तीच, पण पत्त्याची शेवटची ओळ मात्र त्यांनी चार वेळा बदलली. ‘मी कुठी गेली नाही, राज्यच माह्या दारावरून गेले,’ असे त्या हसून म्हणत. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट इतक्या थोडक्यात कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही!

म्हणजे फाउंटनवर गोळ्या चालल्या त्या दिवशी आपण दुसऱ्या राज्याचे नागरिक होतो. तेवढेच नव्हे, संयुक्त महाराष्ट्राविषयी आपल्याकडे सर्वांचे एकमतही नव्हते. लोकनायक बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी ही मोठी माणसे स्वतंत्र विदर्भाच्या बाजूची. दुसरीकडे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भातील काही पुढाऱ्यांनी संयुक्त राज्याला संमती दिलेली. नागपुरास दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन भरते ते त्याच करारातून आलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव येथे घेतलेच पाहिजे, कारण १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीस ते आपल्या भंडाऱ्यातून उभे होते. त्यांना आपण निवडून दिले नाही, ही गोष्ट भंडाऱ्याच्या इतिहासात कायमची नोंदलेली आहे. पुढच्याच वर्षी भाषिक राज्यांवर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असा विचार मांडला होता. त्यांतील पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपण. त्यांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन पक्ष मात्र फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत पुढे सामील झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी त्या लढ्यात मोठे काम केले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला झोपविले. काँग्रेसचे राज्य टिकले ते गुजरात, मराठवाडा आणि आपला विदर्भ यांच्या बळावर. तेव्हा खरे सांगायचे तर या लढ्यात आपण अंगणात उभे राहून पाहणारे होतो. ताट वाढले गेले तेव्हा मात्र पंगतीत बसलो. हे सांगण्यात कमीपणा नाही. पण हुतात्मा चौकात गेल्यावर ‘हे आपल्यासाठी मेले’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ते आपल्याला ओळखतही नव्हते, हे ध्यानात ठेवलेले बरे. ते मेले आपल्या मुंबईसाठी. भंडाऱ्याचा प्रश्न त्यांच्या स्वप्नातही नसेल. आणि तरीसुद्धा राज्य झाले ते दोघांचे मिळून.

महाराष्ट्र झाल्यावर साठच्या दशकात फाउंटनजवळ हे स्मारक उभे राहिले आणि चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. आता त्याच्या घडणीकडे पाहू. आपल्याकडे मेलेल्या वीराचे स्मारक करण्याची रीत फार जुनी आहे. गावोगावी मारुतीच्या देवळापाशी वीरगळ असतात. त्यांत खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला दिसतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. म्हणजे दगड सांगतो, की हा अमका येथे पडला आणि स्वर्गास गेला. हुतात्मा चौकातील शिल्पात यातले काहीच नाही. तेथे पडलेला माणूस दाखविलेला नाही, बंदूक दाखविलेली नाही, रक्त नाही, स्वर्गही नाही. मेलेल्या शंभरांपैकी कोणा एकाचा तो चेहरा नव्हे. उभे आहेत ते दोन जिवंत पुरुष, आणि ते ओळखू येतात ते त्यांच्या धंद्यावरून. मला वाटते, हे करणाऱ्याने विचारपूर्वक केले आहे. चळवळीचा कणा गिरणी कामगार आणि शेतकरी होते, त्यांचे पक्ष समितीत होते. शिवाय शंभरांवर माणसांतून कोणा एकाला निवडून त्याचा पुतळा करणे म्हणजे बाकीच्यांच्या आयांना दुखविणे. नाव नसलेल्या मूर्तीत प्रत्येक आईला आपला मुलगा पाहता येतो.

मशालीची निवडही आपल्या माणसाला कळणारी आहे. दिवटी, पलिता, पोत, टेंभा असे किती तरी शब्द आपल्या भाषेत तिच्यासाठी आहेत. गोंधळ्याची दिवटी असते, देवीचा पोत असतो, रात्रीच्या वरातीपुढे चालणाराही मशाल धरूनच चालतो. तलवार एकाच्या हाती असते. मशालीचा उजेड मात्र मागून येणाऱ्या सर्वांना पुरतो. दोघांनी मिळून ती धरलेली असल्यामुळे चित्र लढाईचे न राहता वाट दाखविण्याचे झाले आहे.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. स्वातंत्र्यानंतर परकीयांच्या पुतळ्यांचे काय करावे हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी आला. पणजीत एका खांबांच्या मंडपाखाली गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा पुतळा होता. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तो तेथे राहिला नाही, आता तो जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मंडप मात्र तसाच राखून त्यात गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक केले, आणि त्या मैदानाला आझाद मैदान म्हणू लागले. जेत्याला हलविले, त्याची सावली ठेवली. मुंबईत फ्लोराबाईंना कोणी हलविले नाही. त्या कोणाला जिंकावयास आल्या नव्हत्या, म्हणून असेल. जुन्याच्या शेजारी नवे उभे केले आणि चौकाचे नाव तेवढे बदलले. अमृतसरला जालियनवाला बागेत तर जमीन हेच स्मारक आहे. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा आणि ती विहीर यांपुढे शिल्पकार तो काय बोलणार? तेथे बेंजामिन पोल्क या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने तांबड्या दगडाचा ज्योतीच्या आकाराचा स्तंभ केला; १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. ज्योत तेथेही आहे. परंतु ती धरणारा हात नाही.

अमृतसर आणि मुंबई यांत मात्र एक अंतर आहे, आणि ते कडू आहे. अमृतसरला गोळी परक्याची होती. मुंबईची गोळी स्वराज्य येऊन आठ वर्षे झाल्यावर आपल्याच सरकारची होती. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. ज्या पक्षाच्या राज्यात गोळ्या चालल्या, त्याच पक्षाच्या राज्यात हे स्मारकही झाले. आज कोणत्याही पक्षाचा मुख्यमंत्री असो, महाराष्ट्र दिनी त्याला तेथे जाऊन फुले वाहावी लागतात. राज्यकर्त्यांच्या आज्ञेने मेलेल्यांपुढे राज्यकर्त्यांनी वर्षातून एकदा तरी मान वाकवावी, ही त्या स्मारकाची सर्वांत मोठी किंमत आहे असे मला वाटते. शिल्प सुंदर आहे की नाही, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा.

आता आपल्या बाजूचे. भगिनींनो, त्या चौकात स्त्री आहे, पण ती रोमची! मशाल धरणारे दोघेही पुरुष. शेतात रोवणा करणारी कोण असते हे धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला कोणी सांगावयास नको; चिखलात वाकून रोवणारी ओळच्या ओळ बायांची असते. गिरण्यांतही स्त्रिया होत्या. चळवळीत अहिल्याबाई रांगणेकरांसारख्या स्त्रिया पुढे होत्या. शाहिरांनी तर प्रदेशालाच स्त्री केले. अण्णाभाऊ साठ्यांच्या छक्कडीतील मैना ही घरी राहिलेली बायको आणि दुरावलेला मुलूख दोन्हीही आहे. पण गाण्यात स्त्री वाट पाहते, आणि शिल्पात ती येतच नाही. जुन्या दगडांत तरी तिला जागा होती, पण ती कोणती? वीरगळाच्या शेजारी सतीचा दगड असतो, आणि त्यावर कोपरात वाकविलेला, बांगड्या भरलेला एक हात. पुरुषाचा हात शस्त्र धरतो आणि बाईचा हात जळतो, अशी ती वाटणी. त्यापेक्षा स्मारकात नसलेली बरी, असे एखादी म्हणेल आणि तिला मी खोटे पाडणार नाही.

१९५५ च्याच गोवा सत्याग्रहात सागर जिल्ह्यातील सहोदराबाई राय यांनी हाती झेंडा घेतला आणि गोळी खाल्ली. सागर म्हणजे त्या वेळच्या आपल्याच मध्यप्रदेशातले. पुढे त्या लोकसभेवर निवडून गेल्या. असे धैर्य शिल्पात दाखविणे सोपे आहे. त्याला उंचावलेला हात पुरतो. दिल्लीत देवीप्रसाद रायचौधरी यांच्या अकरा मूर्तींच्या शिल्पात गांधीजींच्या मागून चालणाऱ्यांत स्त्रिया आहेतही. पाटण्यास १९४२ च्या सात विद्यार्थ्यांचे जे प्रसिद्ध शिल्प आहे ते याच कलावंताचे. तेथे मात्र सातही मुलगे, कारण मेले ते मुलगे.

अवघड आहे ते चिमूरचे. चिमूर आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव पेटलेले. मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मेला, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. मग लष्कर आले. पुरुष पकडून नेले, आणि घरात राहिलेल्या बायांवर शिपायांनी अत्याचार केले. नागपूरहून स्त्रियांनी तेथे जाऊन त्या बायांचे म्हणणे ऐकून घेतले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपवास केला. आणि चिमूर-आष्टीच्या खटल्यात ज्यांना फाशी सांगितली होती, त्यांचे प्राण वाचविण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जी खटपट केली, ती तर आपल्या मंडळात प्रत्येकीला ठाऊक असली पाहिजे. याला मूर्ती कशी करणार? ज्या बाईने दार लावून घेतले आणि नंतर परक्या बाईपुढे, डोक्यावरचा पदर ओढून, घडलेले सगळे सांगितले, तिचे धैर्य मशाल धरणाऱ्यापेक्षा कमी नव्हते; उलट, त्या काळात घरच्यांच्या आणि गावाच्या तोंडाला तोंड देऊन असे सांगणे हे गोळीपुढे उभे राहण्याइतकेच कठीण. पण ते उंचावलेल्या हातात मावत नाही. अशा बायांची नावे दगडावर कोरावीत असे त्यांनाच वाटले नसते. नाव न कोरणे हाच तेथे मान असेल. शिल्पकाराला मी दोष देत नाही. दगडाला जे बोलता येत नाही ते कोणी बोलावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यात दगडावर नाव कोरण्याची विद्या काही नवी नाही. पवनीला उत्खननात निघालेल्या स्तूपाच्या दगडांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत आहेत. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९७२ च्या सुमारास, देशभर विकास-गटांच्या ठिकाणी स्तंभ उभारून त्यांवर स्वातंत्र्यसैनिकांची नावे लिहिली गेली. आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीच्या आवारात जाल तेव्हा असा स्तंभ शोधून तो उभा राहून वाचावा आणि त्यात बायांची नावे किती ते मोजावे. आपल्या गोंदियाकडील बहिणींनीही वाचावे. १ मे १९९९ ला जिल्हे वेगळे झाले, पण त्या स्तंभांच्या काळात आपण एकच होतो.

मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. बेचाळीस साली आणि छप्पन साली ज्या मुली होत्या, त्यांतील थोड्या आजी अजून आपल्यात आहेत; कोणाच्या सासूबाई आहेत, कोणाच्या शेजारी आहेत. येत्या हळदीकुंकवाला एक जाड वही आणावी आणि दर वेळी एकीचे बोलणे त्यात उतरून घ्यावे. त्या वेळी घरात कोण होते, पुरुष तुरुंगात गेल्यावर चूल कशी पेटली, राज्य बदलले तेव्हा रेशनच्या दुकानात काय बदलले, झेंडा कोणी शिवला, असे सगळे लिहावे. झाडीबोलीत सांगितले तर झाडीबोलीतच लिहावे, शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. वही मंडळाच्या कपाटात राहील आणि तिची एक प्रत सार्वजनिक वाचनालयास द्यावी. पहिले नाव मी सुचविते ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजींचे. त्यांना दुपारी चारनंतर बरे ऐकू येते.